फॉर्ममधला नववा प्रश्न

मी तोंडाळ बाई आहे. दुबईत, करामातल्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनपासून मुलाच्या स्कूलबसच्या ड्रायव्हरपर्यंत माझ्याकडून ऐकून घेतलं नाही असा माणूस सापडायचा नाही. नवरा म्हणतो, तुझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणते, तुझ्या तरी आहे का? पण ज्या एका संध्याकाळी मी खरंच तोंड उघडायला हवं होतं, त्या संध्याकाळी मी मूग गिळून बसले. ते मला अजून छळतं, म्हणून लिहिते आहे.

मी घरी बसून भाषांतरं करते. औषधांच्या खोक्यातले कागद, बँकांची पत्रकं, साइटवरच्या सेफ्टीच्या पाट्या. एकदा शारजातल्या एका लहानशा क्लिनिकमधून डॉक्टरांचा फोन आला. फुप्फुसाचा आजार असलेल्यांसाठी एक प्रश्नावली मराठीत आणायची होती. दम किती लागतो, त्यापायी रोजच्या जगण्यात काय काय अडतं, असे प्रश्न. प्रत्येक उत्तराला गुण, आणि जितके गुण जास्त तितका माणूस जास्त त्रासात. डॉक्टरांनी पूर्वी हाच फॉर्म पोर्तुगीजमध्ये नेण्याच्या कामाला हातभार लावला होता. ते मला हिंदीत म्हणाले, "मॅडम, ट्रान्सलेशन नहीं करना है. उनकी लाइफ में बिठाना है."

मूळ फॉर्म वाचून मला हसूच फुटलं. बागेतलं गवत कापताना दम लागतो का? दारातला बर्फ उपसताना? अहो, शारजात बर्फ! पोर्तुगीजवाल्यांनीही तो काढून टाकला होता म्हणे. मी मग इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या एका कॅम्पवर गेले. आपली कोकणातली माणसं, ग्रॅनाइट कापायच्या वर्कशॉपमध्ये कामाला. आठ बंकांची खोली, सात माणसं, आठव्या बंकवर बॅगा. दिवसभरात काय काय करता ते सांगा म्हटलं आणि दोन तास नुसती लिहीत बसले.

त्यातून माझे प्रश्न तयार झाले. वरच्या बंकवर चढताना दम लागतो का? वीस लिटरचा पाण्याचा बाटला उचलताना? आणि नववा प्रश्न, माझा सगळ्यांत लाडका: स्वयंपाकाची पाळी असते त्या दिवशी त्रास होतो का? सात माणसं, सात वार, प्रत्येकाचा एक वार ठरलेला. ज्याचा वार त्याने ड्यूटीवरून येऊन सगळ्यांसाठी भात-आमटी करायची. डॉक्टर या प्रश्नावर एवढे खूश झाले की मी हवेतच तरंगायला लागले. घरी येऊन मुलाला सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "कूल, मम्मा."

फॉर्म तयार झाला की तो पास व्हावा लागतो. दहा रुग्णांना विचारायचा, आणि दोन आठवड्यांनी त्यांनाच पुन्हा, शब्दही न बदलता. तब्येत तशीच असेल तर उत्तरंही तशीच यायला हवीत. विचारताना एक नियम कडक होता: छापलंय तेवढंच वाचायचं. समजलं नाही तर तेच पुन्हा वाचायचं. सुचवायचं नाही, समजावायचं नाही.

त्या दहा जणांत त्याच खोलीतले एक जण होते. संगमेश्वराकडच्या एका गावचे. खोलीत सगळे त्यांना काका म्हणायचे, मी दादा म्हणायचे. अठरा-वीस वर्षं ग्रॅनाइट कापत होते. दोन वाक्यांमध्ये ते थांबायचे, जिना चढून आल्यासारखे, आणि मग पुढचं बोलायचे. डॉक्टरांनी एका मोठ्या हॉस्पिटलात स्कॅनची आणि फुंकून दम मोजायच्या मशीनची सोय लावली होती, पण ती फक्त चौघांपुरती. ज्यांचे गुण सगळ्यांत जास्त, ते चौघं जाणार. तिथून कागद मिळाला की त्या माणसाला कटिंगवरून काढून स्टोअरमध्ये घ्यायला त्यांची कंपनी तयार होती. दादांना हे कळलं होतं. गुणांची भानगड नव्हती माहीत, कागदाचं माहीत होतं.

"ताई," मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "त्या धुळीतनं भायेर काढतील का ओ मला? बाकी काय नको."

"बघू या दादा," मी म्हटलं. "खरं खरं सांगा म्हणजे झालं."

त्यांनी खरंच खरं सांगितलं. वरच्या बंकवर चढताना? "मी खालीच झोपतो. नाय त्रास." पाण्याचा बाटला? "नाय." स्वयंपाकाची पाळी? "गुरुवार माझा. एकपण चुकला नाय आजवर." त्यांचा श्वास मला टेबलाच्या अलीकडे ऐकू येत होता आणि कागदावर मी शून्यावर शून्य मांडत होते. चमत्कारिक वाटलं. पण माणूस स्वतः सांगतोय, आपण कोण?

दोन आठवड्यांनी दुसऱ्या फेरीसाठी मी कॅम्पवर गेले. ड्यूटी सुटल्यावरची वेळ होती, आणि वार नेमका गुरुवार.

किचनमध्ये गेले तर एक जण आमटी ढवळतोय, दुसरा तांदूळ धुतोय, तिसरा भांडी विसळतोय. दादा एका पालथ्या बादलीवर बसून लसूण सोलत होते.

"आज पाळी कोणाची?" मी विचारलं.

"काकांची," आमटीवाला म्हणाला.

"मग तुम्ही काय करताय?"

"मीठ किती ते काका सांगतात ना! मेन काम तेच हाय." सगळे हसले. दादाही हसले आणि मग बराच वेळ खोकले. कोणी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. एकाने चालता चालता पाण्याचा ग्लास त्यांच्या हाताशी ठेवला.

मग मला एकेक दिसायला लागलं. दादांचा खालचा बंक पूर्वी आमटीवाल्याचा होता. त्याचा गुडघा दुखतो, तरी तो वर गेला. न्हाणीत त्यांना बसायला एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं. पाण्याचा बाटला लावायचा वारही भिंतीवरच्या कागदावर दादांच्या नावापुढे होता, आणि तो लावताना मी दुसऱ्यालाच पाहिलं. कोणी बसून काही ठरवलं नव्हतं. दीड-दोन वर्षांत होत गेलं असणार, आज हे, उद्या ते. सहा जणांनी मिळून एका माणसाचा दम वाटून घेतला होता. खोलीची कामं होत होती, म्हणून दादांना आपली झाली असं वाटत होतं. ते खोटं बोलत नव्हते. माझा प्रश्नच आंधळा होता.

आम्ही बंकवर बसलो. मी फॉर्म काढला. आठ उत्तरं तशीच आली. नववा प्रश्न वाचला.

दादांनी किचनकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे, मग माझ्याकडे.

"दादा, ही पोरं नसती तर?" एवढंच विचारायचं होतं. पाच शब्द. ओठांवर आले होते. पण उत्तर बदललं की ते पहिल्याशी जुळणार नव्हतं. माझा लाडका प्रश्न कापला जाणार, फॉर्म पुन्हा पहिल्यापासून, दहाच्या दहा माणसं पुन्हा. आणि नियम होताच की आडोशाला! मी नियमाच्या आड लपले. नळावर, दुकानात, बसमध्ये भांडणाऱ्या मी मान खाली घालून तोच प्रश्न छापल्याप्रमाणे पुन्हा वाचला.

"नाय ताई," दादा म्हणाले. "त्रास नाय. लिवा."

उत्तरं तंतोतंत जुळली. डॉक्टर म्हणाले, एक्सलंट. येताना मी करामातून जिलबी घेऊन घरी गेले आणि खाल्लीही. ती आठवली की मला आजही स्वतःची किळस येते.

चौघांची यादी लागली. दादा त्यात नव्हते. मग मात्र मला राहवेना. डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं, बादली, स्टूल, बंक, सगळं. ते ऐकत राहिले. "आधी का नाही सांगितलं?" असं त्यांनी विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाले, पुढच्या वेळी त्यांचं नाव पहिलं घालू, इन्शाल्ला.

पुढची वेळ यायच्या आत दादा वर्कशॉपमध्ये कोसळले. मला ते महिन्याभराने कळलं, फोन केला तेव्हा. आमटीवाल्याने उचलला. "खलास, ताई. व्हिसा कॅन्सल झाला, गावाला पाठवलं काकांना. एअरपोर्टवर व्हीलचेअरवरनं नेलं." त्याने गावचा नंबर दिला. तो फिरवायला मला आठवडा लागला.

फोन त्यांच्या बायकोने घेतला. कोण, कुठली, सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "देते. पण जास्त बोलवू नका त्यांना. ऑक्सिजन लावलाय."

"दादा," मी म्हटलं, "माझं चुकलं. त्या दिवशी मी तुम्हाला नीट विचारायला हवं होतं." आणि मला रडू फुटलं. एरवी मी कोणापुढे रडत नाही.

पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"तुमचा फॉर्म पास झाला ना?" त्यांनी विचारलं.

मी डोळे पुसत होते.

"तुमची पेन्सिल थांबली हुती तवा," ते म्हणाले. पुन्हा श्वास. "मला आलं ध्यानात, तुम्ही सगळं बघितलंत. मनात आलेलं, सांगावं खरं. मग म्हटलं, नको. पयल्यासारखंच सांगू." श्वास. "बाईमाणूस करामावरनं एवढ्या लांब येते, आपल्यापायी तिचं काम अडायला नको."

"झाला दादा," मी म्हटलं. "पास झाला."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांच्या बायकोने फोन काढून घेतला.