आतल्या बाजूचा चर

आधीच सांगते, मी भुताखेतांतली नाही. माझे वडील कर्जतला शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि घरात कोणी 'बाहेरचं' वगैरे बोलायला लागलं की ते त्याला आधी एरंडेल घ्यायला सांगायचे. मीही त्याच वळणाची. सासरी आल्यावर दाराला लिंबू-मिरची बांधायचं काम माझ्याकडे आलं, ते मुकाट्याने केलं, पण मनात हसत. त्यामुळे हे वाचून 'बाई मुळातच घाबरट दिसते' असं कोणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. मी घाबरट नव्हते... त्या पावसाळ्यात झाले.

माझं सासर पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. आणीबाणी उठली त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. घरात सासू-सासरे, आमचे हे, मी आणि आमची नंदा — तेव्हा जेमतेम बसायला लागलेली. हे साजगावला एका कारखान्यात शिफ्टवर होते. घराच्या मागे आमची भातखाचरं, त्यांच्यावर चढण, आणि चढणीवर आमचीच वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची जमीन. तिच्यावर इतकं दाट रान होतं की आत भर दुपारीही उजेड नसायचा. कोणी आत जायचंही नाही. भीतीने नव्हे, काटेरी वेलींमुळे.

त्या वर्षी मामंजींनी ते रान तोडायला एका ठेकेदाराला दिलं. उन्हाळाभर कुऱ्हाडी चालल्या. लाकूड गेलं, उरल्यासुरल्याच्या कोळशाच्या भट्ट्या लागल्या, आणि एके दिवशी हे वरून धावतच खाली आले. "अगं, वर चल, बघ काय निघालंय!"

उघड्या पडलेल्या जमिनीवर मातीचा एक गोल बांध होता. परातीसारखा गोल. पुरुषभर उंच, आणि आमची अख्खी आळी आत मावेल एवढा. कुठे तुटलेला नाही, कुठे वाट नाही, दार नाही. बांधाच्या आतून, त्याला लागूनच, तसाच गोल फिरणारा खोल चर. बांधावर मोठमोठ्या झाडांचे ताजे तुटलेले बुंधे होते, म्हणजे बांध त्या झाडांच्याही आधीचा. मध्ये सपाट, काळीभोर माती.

गाव बघायला लोटलं. कोणी म्हणालं पेशव्यांचा, कोणी म्हणालं पांडवांचा. आपल्याकडे ज्याला कोणी वाली नाही ते सगळं पांडवांच्या नावावर! वरच्या ठाकरवाडीतली सोमीबाय रानभाज्या विकायला यायची. ठाकरांना काही माहीत असेल म्हणून मी तिला विचारलं. "आमाला काय ठावं, बाय? रान व्हतं तवा आमालाबी रानच दिसायचं," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

मामंजींचा जन्म भातशेतीत गेलेला. भातवाल्याला बांध दिसला की पुढे शेतच दिसतं. "आयतं खाचर हाय हे! औंदा राब हितंच भाजू," ते म्हणाले. पालापाचोळा आणि फांद्या जाळून जमीन भाजायची आणि तिच्यात भाताची रोपं करायची, हा आमच्याकडचा राब. तोडीचा पाला तर तिथेच पडला होता. अडचण एकच — पावसात चर भरणार, पाण्याला जायला जागा नाही, रोपं बुडणार. म्हणून मामंजींनी आमच्या खाचरांच्या बाजूला बांध फोडून पाण्यासाठी खांड पाडली. फावडं मारता मारता त्यांना हसू येत होतं.

"काय खुळं असंल रं पन! डुकरं आत येऊ नयेत म्हनून चर खनायचा तो भायेरनं खनतात. ह्या शान्यानं आतनं खनलाय!"

आम्ही सगळेच हसलो. मीसुद्धा.

पाऊस लागला, रोपं वर आली. मग पहिली उघडीप पडली, आणि त्या सकाळी खांडीच्या खाली गवत आडवं झालेलं दिसलं. दोन हात रुंद पट्टा, ओली गोणी ओढत न्यावी तसा. गवत सगळं उताराकडे झोपलेलं. हे म्हणाले अजगर असेल, मलाही ते पटलं. पाऊस पुन्हा सुरू झाला तेव्हा पट्टा होता तिथेच राहिला. पुढच्या उघडिपीला तो वरच्या खाचरापर्यंत उतरला. चिखलात पावलं नाहीत, खूर नाहीत. चिखल नुसता सारवल्यासारखा गुळगुळीत. मग मात्र मी मागच्या पडवीत उभी राहून त्या रेषेत नजर लावली. खाचराचा बांध आडवा आला तरी ती वळली नव्हती. सरळ आमच्या पडवीवर रोखलेली होती, आणि पडवीत नंदाची झोळी टांगलेली असायची.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सारखी आभाळाकडे बघायची. शेतकऱ्याच्या घरात राहून मी ऊन पडू नये म्हणून देवाला हात जोडत होते, वडिलांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते! नंदाची झोळी मी पुढच्या ओटीवर हलवली. त्यानंतर ऊन पडलं तेव्हा पट्टा खालच्या खाचरात आलेला होता... आणि थोडा कलला होता. पुढच्या ओटीच्या बाजूला.

मी ह्यांना म्हटलं, "मला आणि पोरीला कर्जतला सोडून या."

"ओढ्याचं पाणी बघितलंस का? कशी उतरशील पोरीला घेऊन? आणि अजगराला काय घाबरायचं गं एवढं?"

"अजगर झोळी शोधत येतो का?"

हे चिडले आणि न जेवताच ड्यूटीवर गेले.

दोन दिवस संततधार लागली होती. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, अंगण वरून सुकलं. ह्यांची सुट्टी होती. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, नंदा ओटीवर झोळीत किरकिरत होती, सासूबाई झोका देत होत्या. एकदम किरकिर थांबली. अंगणातल्या कोंबड्याही गप्प झाल्या.

"शाले, भायेर ये. पोरीला उचल." सासूबाईंचा आवाज अगदी हळू होता.

मी पिठाच्या हातांनीच धावले. सुकलेल्या अंगणात कडेपासून एक ओला पट्टा आला होता आणि ओटीच्या पायरीशी थांबला होता. पायरीवर काही नव्हतं. नंदा त्या पायरीकडे बघत होती. हसत होती — ओळखीचं माणूस आलं की हसायची तशी.

तिला उचलून मी आत पळाले. सासूबाईंनी दार लावलं. मागच्या दाराने हे आणि मामंजी आले, त्यांना सगळं सांगितलं. बोलल्या त्या सासूबाईच.

"खुळं आपुन व्हतो, तो बांधनारा नवता. भायेरचं आत येऊ नये म्हनून नाय खनला त्यानं चर."

पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. गरजही नव्हती.

हे फावडं घेऊन निघाले. "खांड बुजवून टाकतो."

"आन ते भायेरच ऱ्हायलं तर?" सासूबाई कडाडल्या. "जल्मभर चढनीचे मासे धरलेस ना रं?"

आमच्याकडे चढणीचे मासे धरतात ते असे — खांडीतून पाणी खाली सोडायचं. मासा धारेच्या उलटा वर चढतो. तो आत आला की खांड बुजवायची. सासूबाईंचा त्यात हातखंडा होता. "पाऊस असला का ते खाली सरकत नाय, बघितलंव ना? पानी सोडा त्याच्या तोंडावं. माघारी चढंल."

हे पटण्यासारखं होतं का? नव्हतं. पण दुसरं काय करणार होतो? हे आणि मामंजी मागच्या मागे वर गेले आणि त्यांनी खांड तळापर्यंत खोल केली. चरात साठलेलं पाणी खाचरांवरून धावत खाली आलं, घराला वळसा घालून अंगणात शिरलं. दाराच्या आत मी नंदाला मांडीवर घट्ट धरून बसले होते. क्षणभरही खाली ठेवली नाही. बाहेर पाण्याचा आवाज येत होता. एकदा त्या आवाजात काहीतरी जड सरकल्यासारखं वाटलं, पण मी शपथेवर सांगणार नाही. त्याच वेळी नंदा रडायला लागली. भुकेचं रडणं नव्हतं. घरातलं कोणी गावाला निघालं की ती रडायची, तसं ते रडणं होतं. मग हळूहळू थांबली आणि झोपली.

दिवस कलायच्या आत पाणी ओसरलं. वरून ह्यांची हाक आली, "गवत फिरलं गं! वर फिरलं!" नंदाला सासूबाईंकडे देऊन मी टोपली घेऊन धावले. खांडीपाशी गवत खरंच चढाकडे झोपलेलं होतं. आम्ही तिघांनी मिळेल ती माती, दगड, बुंधे टाकून खांड बुजवली. आतली रोपं तशीच सोडली. मामंजी हात जोडून उभे राहिले, आणि मला रडू कोसळलं, सुटलो म्हणून.

उतरताना मी पुढे होते. वर जाताना घाईत लक्ष गेलं नव्हतं, आता गेलं.

खाली उतरलेला पट्टा एक होता. वर गेलेले दोन होते.

एक तोच, दोन हात रुंद. आणि त्याला बिलगून दुसरा... अरुंद. वीतभर.

मी कशी पळत सुटले ते मला आठवत नाही. नंदा सासूबाईंच्या मांडीवर जागी होती. मला बघून दूध मागायला लागली. मी तिचे कपडे काढून अंगभर बघितलं. तीळ जागच्या जागी, कानामागची खूण जागच्या जागी. मग गोठ्यात गेले. वासरू होतं, मांजर होतं, कोंबड्यांची पिल्लंसुद्धा सगळी होती. आमच्या घरातून काहीच कमी झालेलं नव्हतं.

त्यानंतर त्या वरकशीवर आम्ही कुऱ्हाड लावली नाही. रान पुन्हा माजलं, बांध आता दिसत नाही. सासू-सासरे गेले, हेही गेले. फार्महाउसवाले जमीन मागायला येतात, मी नाही म्हणते, त्यांना वाटतं म्हातारी भाव वाढवतेय. नंदाचं छान चाललंय. कल्याणला असते, बँकेत आहे, दोन मुलं आहेत. हुशार, हसरी, मला जीव लावणारी. तिच्यात कधी काही वावगं दिसलं नाही, अगदी मनापासून सांगते. तो दुसरा पट्टा कशाचा, ह्याचा खुलासा वडिलांच्या विज्ञानातही मला सापडला नाही आणि लिंबू-मिरचीतही.

गेल्या महिन्यात ती आली होती. दुपारी ओटीवर पडली होती, डोळे मिटलेले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "आई, तू लहानपणापासून माझ्याकडे अशी काय बघत बसतेस गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "झोप तू."