बुरशीला साखर

आमच्या महाडच्या कॉलेजात जीवशास्त्राचे सर एन्झाइम मिळवण्यासाठी बुरशी वाढवत. पाचाडच्या गिरणीतला कोंडा भिजवून बाटल्यांत भरत. प्राचार्य पाहुण्यांना 'आमचं संशोधन' दाखवू लागले, की सर चहाला निघून जात.

मला म्हणाले होते, "साखर दिली की बुरशी आयतं खाते, अन्न पचवायचं एन्झाइम बनवत नाही. कोंड्यावर ठेवली की पोटासाठी बनवते. पोरांचंही तसंच."

स्वतःच्या मुलाला त्यांनी तसंच वाढवलं, कौतुकाचा एक शब्द न देता. तो मुंबईत साहेब झाला.

यंदा गणपतीला सगळे चाकरमानी आले, तो आला नाही. सुट्टीनंतर पाहिलं, तर प्रसादाची उरलेली साखर ते बाटलीत घालत होते.

"सर, आता एन्झाइम नाही मिळणार."

"राहू दे," ते म्हणाले. "खाऊ दे तिला."