शिडाच्या नावेची शेवटची खोळ

बाबांनी समुद्र कधी पाहिला नाही. बेला गावातल्या आमच्या दुकानात ते मोटरसायकलच्या सीटची कव्हरं शिवत, कापसाच्या गाड्यांवरच्या ताडपत्र्यांना कडा घालत. पण अखेरचं काम त्यांनी घेतलं ते शिडाच्या नावेचं. माझ्या आत्याचा मुलगा गोव्यात एका मालकाची नाव सांभाळतो. तिच्या डेकवर वर उघडणाऱ्या झडपा आहेत, काचेसारख्या प्लास्टिकच्या. उन्हानं त्यांच्यावर बारीक चिरा पडतात आणि खालची खोली भट्टीसारखी तापते, म्हणून नाव उभी असली की झडपांना जाड पांढऱ्या कापडाच्या खोळी घालतात. त्यानं मापं पाठवली. बाबांनी एक सोडून सगळ्या शिवल्या, आणि ते गेले.

सुतकात आमच्याकडे सुई हातात धरत नाहीत. दुकान बंद होतं, जेवण शेजारून येत होतं. मी मंचेरियलला कॉलेजात शिकवतो. घरी आलो आणि भेटायला येणाऱ्यांसमोर नुसता बसून होतो. डोळ्यांत पाणी येत नव्हतं. आतेभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याला परत निघणार होता. बाबांनी कबूल केलेलं काम अपुरं जाऊ नये, एवढंच मनात होतं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी मागच्या दारानं दुकानात शिरलो. मशीन मला बाबांनीच लहानपणी शिकवलं होतं. पाय आपोआप चालू लागला. कोपऱ्याची घडी घालताना, नाडीसाठी पट्टी दुमडताना मी बाबांना पुरता विसरलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

दारात आत्या येऊन उभी राहिली.

"काऊन रे? बापाची राख निवली नाई, अन् तू मशीन चालवून राह्यला?"

"नावेची खोळ राहिली होती, आत्या."

"टोपी नाई म्हनून नाव बुडून राह्यली का?"

तिच्या मागून आतेभाऊ म्हणाला, "आई, मामानं शब्द देला होता."

"मामानं देला होता, यानं नाई. अन् हा म्हने शिकलेला!"

तेवढ्यात घरातून माझी आई आली. हातात पाण्याचा तांब्या. दुपारी मशीन सुरू झालं की बाबांना पाणी नेऊन द्यायचं, ही तिची रोजची सवय. आवाज ऐकून ती झोपेतून तशीच उठली होती. उंबऱ्यात येऊन तिनं बाबांच्या स्टुलावर मला पाहिलं.

मी उठलो. आईनं तांब्या खाली ठेवला, खोळीची कड चाचपून पाहिली.

"किती राह्यली?"

"एक बाजू."

"मंग करून टाक. त्यायचं काम अर्धं नको धाडू."

"तू आत जा, आई."

ती गेली नाही. आमच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली. मी मशीनचं पायडल दाबलं. चाक फिरलं तसा तिनं डोक्यावरचा पदर ओढून दोन्ही कानांवर घट्ट धरला. ती बाजू संपेपर्यंत मी मान वर केली नाही.