गुरुवारचे पाच ते सव्वापाच

“थापा! साफ थापा मारतोयस, मोरिवली! माघारी फिर, आणि तो इलेक्ट्रॉन कुणाच्या खिशातनं निघाला ते पहिल्यापासून सांग!”

हा आवाज दत्तूमास्टरांचा. उल्हासनगर कॅम्प तीनच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावरच्या जीन्सच्या कारखान्यातून तो सुटला की खालचे शेअर रिक्षावाले एक सीट रिकामी असतानाही गाडी सुरू करून निघून जायचे, अशी त्याची ख्याती आहे. आणि ती मीच पसरवलेली आहे. सगळं आयुष्य शिलाई मशीनच्या घरघरीत काढलेल्या माणसाला हळू बोलणं कुठून ठाऊक असणार? पण त्या दिवशी पाच वाजले होते, मशीनं थांबली होती, चहा आला होता, आणि सगळे कारागीर ग्लास तोंडापाशी धरून माझी फजिती बघत होते. कापड बेतायच्या त्या लांबलचक टेबलाशी मी उभा होतो. हातात शिंप्याचा खडू, समोर डेनिमचा उरलेला तुकडा, आणि त्यावर मी काढलेली रिॲक्शन. बाण मी उलटा मारला होता, प्लसच्या खुणेकडून ऑक्सिजनकडे. “ज्याच्या अंगावर प्लस, त्याच्याकडं इलेक्ट्रॉनची चणचण, हे मागच्या महिन्यात तूच मला शिकवलंस ना? मग तो देणार काय, कपाळ?” मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मास्टर सातवी नापास. मी बाण पुसला आणि फिरवून काढला. “हां,” ते म्हणाले, “आता आवाज खाली आला तुझा. आता बरोबर असंल.”

ती शेवटची भेट. रविवारी सकाळी प्रसादचा फोन आला. “पप्पा गेले,” एवढंच बोलला. आंघोळ करून खुर्चीत बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत... झालं. हृदय थांबलं. आज सहा आठवडे झाले. पेपरच्या या पुरवणीत लोक थोरामोठ्यांवर लिहितात. मास्टरांवर लिहायला कुणी येणार नाही, म्हणून मी घुसलो आहे. कुठेही बोलावल्याशिवाय घुसण्याची मला सवय आहे, पुढे कळेलच.

प्रसाद हा त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा वर्गमित्र. मूळचे हे लोक साताऱ्याकडचे, आता बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतात. प्रसाद वर्गात पहिला. मी तिसरा, पण आमच्या मोरिवली गावात सगळ्यांना मी पहिला असंच ठाऊक आहे. त्यांच्या घरी एक रीत होती. आधी शाळा आणि मग कॉलेज सुटलं की प्रसादने घरी जाण्याआधी कॅम्प तीनमध्ये वाकडी वाट करून कारखान्यात जायचं, आणि चहाच्या पंधरा मिनिटांत त्या दिवशी जे शिकवलं ते पप्पांना समजावून सांगायचं. रोज. आठवीपासून. पप्पांनी ते परत बोलून दाखवेपर्यंत प्रसादची सुटका नाही. मास्टर म्हणायचे, “आपल्यात कापडाचे पन्नास थर एकावर एक लावत्यात आणि वरच्या एका थरावर खडू मारत्यात. वरची रेघ बोटभर चुकली तर खाली पन्नास पॅन्टींचा सत्यानाश. तुमच्या पुस्तकातबी तसंच असणार. आजची रेघ नीट मारा.”

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो फुकटच्या चहासाठी. प्रसाद त्या दिवशी डाव्या-उजव्या रेणूंबद्दल सांगत होता. सगळं तेच, पण आरशातल्यासारखं उलटं. एकावर एक ठेवले तरी जुळत नाहीत. वर्गात हे सरांनी दोन तास शिकवलं होतं आणि निम्म्या वर्गाच्या डोक्यावरून विमानासारखं गेलं होतं. मास्टरांनी काय केलं, तर टेबलाखालून पॅन्टीचे कापलेले दोन पाय काढले, डावा आणि उजवा. दोन्ही सुलट बाजूनेच वर ठेवून एकमेकांवर जुळवायला गेले. “जुळंल कसा? कापडाला सुलट-उलट असतंय ना! असंच ना, परसादराव?” प्रसादराव! बापाने पोराला राव म्हटलं, आणि त्याच्या मानेवर आपला निळा पंजा ठेवला. डेनिमच्या रंगाने त्यांचे हात कायम निळे असायचे. अंधारात दिव्यासारखे चमकायचे नाहीत एवढंच. तो पंजा मी बघितला आणि खरं सांगतो, माझ्या पोटात जे काही पेटलं ते अंबरनाथच्या सगळ्या फॅक्टऱ्यांच्या भट्ट्या एकत्र केल्या तरी तेवढं पेटणार नाही.

आता कुणी म्हणेल, तुला काय कमी होतं? काहीच नाही, हेच तर दुखणं. आमचं घर जुनं शेतकऱ्याचं, आता दादांचे टेम्पो आहेत. दादा म्हणजे माझे वडील. मी दहावीला बसलो तेव्हा त्यांनी अभ्यासाला असं टेबल आणलं, की त्यावर एखादं लग्न लागलं असतं. खोलीला एसी लावला. तो इतका गार, की उन्हाळ्यात शेजारची मांजरं आमच्या खिडकीखाली मुक्कामाला. आई बदाम घातलेलं दूध आणून ठेवते आणि पाय न वाजवता परत जाते, जणू आत ऋषी बसलाय. फी दादा मुदतीआधी भरतात. पण या दोघांनी मला आजवर एकदाही विचारलं नाही, की आज काय शिकलास? विचारतात ते एवढंच, “जेवलास का रं?” प्रसादच्या दीड खोलीच्या घरात टेबल नाही, तो लोखंडी पेटीवर वही ठेवून लिहितो. एका पावसाळ्यात मांजर्लीत उल्हास नदी चढली, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मासे येऊन बसले (मी म्हणतो ते बसलेच होते), तेव्हा मास्टरांनी सगळ्यांत आधी प्रसादच्या वह्या डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेल्या. टीव्ही गेला, गादी गेली. काकू, म्हणजे प्रसादची आई, अजून गादीचं नाव काढतात. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, आमच्याकडे पूर का येत नाही?

मग मी ती लबाडी केली. मला रोज नको होतं, एक दिवस हवा होता. मी प्रसादला सांगितलं, कॉलेजच्या लायब्ररीत संशोधनाची जुनी जर्नल्स बघायला देतात, पण फक्त गुरुवारी, पाच ते सहा, आणि तीही पहिल्या तीन नंबरांतल्या मुलांनाच. तिथला माणूस माझ्या लांबच्या मामाचा मेहुणा आहे, मी तुझं नाव घातलंय, माझं पुढच्या महिन्यात बघू. प्रसादने चष्मा पुसला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “बरं.” एवढा हुशार मुलगा, एवढा भोळा! मला त्याची दयासुद्धा आली. “आणि काकांना कोण सांगणार आजचं?” मी साळसूदपणे विचारलं. “तू जा,” तो म्हणाला. मी उडालोच.

त्यानंतर दीड वर्ष गुरुवार माझा होता. पहिल्या गुरुवारी मी मास्टरांना निळीची गोष्ट सांगितली. काका, तुमच्या हाताला लागतो तो रंग पाण्यात विरघळत नाही. म्हणून आधी त्याचं रूप बदलतात, तेव्हा तो पिवळट हिरवा होतो आणि पाण्यात विरघळतो. त्यात सूत बुडवायचं, बाहेर काढायचं, आणि हवा लागली की परत निळा. सुताच्या वरवरच बसतो, आतला गाभा पांढराच राहतो. म्हणून धुता धुता जीन्स विटते. मास्टर उठून उभे राहिले. धागा उसवला, नखाने सोलला, आत पांढरा दिसला. “ए शेठ! शेठ, इधर आओ!” मालक आले. सिंधी माणूस, पोटाने आधी पोचणारा. “इतने साल हम नीले में बैठे, और इसने आज बताया कि अंदर सफ़ेद है!” शेठ म्हणाले, “साईं, यह जीन्स का कारखाना है या कॉलेज? चाय ठंडी, मशीन ठंडी!” मास्टर म्हणाले, “फीस तो नहीं माँगता ना मैं आपसे?” सगळे हसले, शेठही. त्या दिवशी मी उल्हासनगरपासून मोरिवलीपर्यंत चालत गेलो. पाय जमिनीला लागत होते की नाही, आठवत नाही. पण जाताना त्यांनी “मोरिवली” म्हणूनच हाक मारली. राव नाही, नाव नाही. गावाचं नाव. आणि मानेवर पंजाही नाही.

त्या माणसासाठी मी जो अभ्यास केला तो कुठल्या परीक्षेसाठी केला नाही. बुधवारी मी पुस्तक उघडायचो ते गुरुवारी पकडलं जाऊ नये म्हणून. कारण मास्टरांना केमिस्ट्री कळायची नाही, पण मी कळायचो. “जिथं तुला येतंय तिथं तू हळू बोलतोस,” ते म्हणायचे, “आणि जिथं येत न्हाई तिथं भाषण ठोकतोस. परसादचं उलटं हाय, तो अडला की गप बसतो. पण त्याला रेटावं लागतंय, तुला धरून ठेवावं लागतंय.” मेहनत म्हणजे तास मोजायची गोष्ट, असं मी समजत होतो. मी मोजतही होतो, आणि वर्गात सांगताना प्रत्येक तासाचे तीन करत होतो. या टेबलापाशी कळलं, की समोरच्या साध्या माणसाला सांगता येईपर्यंत ते आपलं झालेलंच नसतं. पण कबूल करतो, तेही मी शिकायला गेलो नव्हतो. मी प्रसादच्या जागेवर उभं राहायला गेलो होतो.

एकदा त्यांनी विचारलं, “घरी वडिलांना सांगतोस का हे?” मी म्हटलं, “त्यांना नाही कळत हो.” “मग मला कळतंय असं कोण म्हणालं तुला?” त्या आठवड्यात मी दादांना ओसरीवर गाठलं आणि निळीची तीच गोष्ट सांगितली. दादांनी फोन खिशात ठेवला, पाय खाली सोडून ताठ बसले, बँकेच्या साहेबापुढे बसतात तसे. सगळं ऐकलं. मग म्हणाले, “चांगलं हाय.” आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून एक पांढरा फळा आला, एवढा मोठा की तो आत घ्यायला दार उतरवावं लागलं. मी मास्टरांना हे हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. “फळा आणला ना? मग बोलले की ते.” मला तेव्हा राग आला. मला फळा नको होता, मला परत विचारणारा माणूस हवा होता. तो प्रसादला जन्मापासून मिळाला होता, आणि मला तो आठवड्यातून एकदा चोरावा लागत होता.

मांजर्लीला मी पोचलो तेव्हा लोक जमले होते. कारखान्यातले सगळे आले होते, शेठ जिन्यात भिंतीला टेकून उभे होते, डोळे लाल. प्रसाद वडिलांच्या पायाशी बसून रडत होता. माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, त्याला पाणी देत होती. आणि मला... लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला तिथेही त्याचा हेवा वाटला. त्याला रडायचा हक्क होता. मी कशाच्या जोरावर रडणार? साताऱ्याहून आलेल्या कुणा मामांनी मला विचारलं, “आपण कोण?” मी म्हटलं, “मुलाचा मित्र.” ते म्हणाले, “मग जरा खुर्च्या आणा.” मी खुर्च्या आणल्या. आयुष्यात मी एकच गोष्ट न फुगवता सांगितली असेल, ती ही. मी खुर्च्याच आणल्या.

त्यानंतर मला दुसरीच गोष्ट खाऊ लागली. दीड वर्षाचे गुरुवार. तो आपल्या बापाला रोज भेटत होता, त्यातला एक दिवस मी काढून घेतला होता, खोटं बोलून. तेव्हा वाटलं होतं, याच्याकडे ढीग आहे, त्यातलं चिमूटभर घेतलं तर काय बिघडलं? आता ढीगच संपला. आणि शेवटचा गुरुवारसुद्धा माझ्याच वाट्याला आला. शनिवारी कारखाना लवकर सुटला होता, म्हणजे प्रसादच्या वाट्याला फक्त एक शुक्रवार. त्याच्याशी डोळे भिडवून बोलणं मला जमेना. परीक्षा तोंडावर, दोघे लायब्ररीत समोरासमोर बसायचो आणि मी तोंडापुढे पुस्तक धरायचो, उलटं धरलं असतं तरी कळलं नसतं.

गेल्या आठवड्यात शेठचा निरोप आला, मास्टरचं सामान घेऊन जा. आम्ही दोघं गेलो. टेबलाशी नवे मास्टर होते, तरुण, कानात वायर, काम चोख. एका पिशवीत सामान काढून ठेवलं होतं: मोठी कात्री, मोजपट्टी, खडूचे तुकडे, चष्म्याचं घर. पाच वाजले. मशीनं एकेक करत थांबली, चहा आला, आणि कारागिरांनी सवयीने आमच्याकडे बघितलं. कोण सांगणार आज, अशा नजरेने. प्रसाद खाली बघत होता. मग कुणीतरी चहाचा घोट घेतला आणि सगळ्यांनी घेतला. जिना उतरून बोळात आल्यावर मी त्याला थांबवलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. म्हटलं, “प्रसाद, ते जर्नलचं खोटं होतं. मामाचा मेहुणाबिहुणा कुणी नाही. मला तुझे पप्पा हवे होते, म्हणून मी तुला गुरुवारी तिकडे पिटाळलं. दीड वर्ष. तुझे दिवस मी खाल्ले... मला माफ कर, नाहीतर मार.” शेअर रिक्षावाला ओरडत होता, एक सीट, एक सीट. प्रसादने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“लायब्ररी गुरुवारी तीनला बंद होते,” तो म्हणाला. “पप्पांनाही माहीत होतं.”