आडनावाचा तुकडा

बिबवेवाडीतली शिळीमकरांची जमीन बिल्डरला गेली, तेव्हा त्याने आडनाव तेवढे ठेवले. इमारतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले : शिळीमकर हाइट्स. तिथेच तिसऱ्या मजल्यावर मिळालेल्या घराच्या खिडकीतून शिळीमकरांचा मुलगा पोपट खाली पाही. ज्वारी जिथे वाऱ्याने डुलायची, तिथे आता स्कूटरी उभ्या असत.

पोपट सायबर कॅफेत बसून, चुकत चुकत, वेबसाइट बनवायला शिकला. दोन हजार एक साली कर्वेनगरात श्रीनिवास जोगांच्या लहानशा ऑफिसात तो उमेदवारीवर लागला. पहिले काम एका वधूवर मंडळाचे. स्थळाचे पूर्ण नाव एकाच चौकटीत भरून येई. त्यातले आडनाव वेगळे काढून ठळक दाखवायचे, म्हणजे लोकांना त्यावरून शोधता येईल. सोमवारी मंडळाच्या मालनबाई पाहायला येणार होत्या. त्यांना पसंत पडले की पोपटची नोकरी पक्की.

त्याने प्रोग्रॅम लिहिला : नावातली शेवटची मोकळी जागा शोधायची, तिच्यापुढचा तुकडा कापायचा. उसाचे वाढे कोयत्याने छाटावे तसा तुकडा अलगद निघे. पण घोळ झालाच. शाळेच्या हजेरीची सवय. निम्म्या लोकांनी आडनाव आधी लिहिले होते, आणि मुलींच्या आडनावाच्या जागी त्यांचे वडील येऊन बसले. पोपटने चौकटीवर ‘आडनाव शेवटी लिहावे’ अशी सूचना टाकली आणि आधीची नावे हाताने फिरवली. एक नाव मात्र कसेही फिरवले तरी सरळ होईना. पूर्वा संपत. मुलीचे नाव आणि वडिलांचे, दोनच तुकडे.

त्याने तिच्या घरी फोन लावला. पलीकडून ‘जय भीम’ आले. पूर्वाचे वडील होते, टपाल खात्यातून निवृत्त झालेले.

“काका, पूर्वाताईंचं आडनाव लिहायचं राहिलंय.”

“राहिलेलं नाही. आम्ही ते लावत नाही.”

“पण प्रोग्रॅमला काहीतरी कापावं लागतं.”

“मला आयुष्यभर लोक नाव विचारत आणि वाट पाहत पुढच्याची. ते ऐकलं की त्यांचं बोलणं बदलायचं. मुलीला नाव दिलं ते तिथंच संपवलं. आपण आता काय कापणार?”

पोपटने फोन ठेवला. घरी त्याने आईला सांगितले. तुळजाबाई तांदूळ निवडत होत्या. “आडनाव नाय तर सोयरीक कशी जमंल रं?” त्या म्हणाल्या. “आपल्याकडं तरी दुसरं काय उरलं हाय?” पोपटला आईचेही पटले आणि फोनवरच्या काकांचेही, आणि दोन्ही एकदम कसे पटते ते कळेना.

शेवटी त्याने एक ओळ वाढवली : नावात दोनच तुकडे असतील तर काहीही कापू नये.

सोमवारी मालनबाईंनी पडद्यावर पूर्वाच्या आडनावाच्या जागी बोट ठेवले. ही जागा रिकामी का, असे त्यांनी विचारले.

“त्यांनी ती रिकामीच ठेवलीय, बाई.”

“मग शोधणाऱ्याला ही मुलगी सापडायची कशी?”

 श्रीनिवास म्हणाले, “सापडायची नाही. काम अगदी निर्दोष आहे याचं, फक्त लग्न जमणार नाही.” मालनबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की राहू द्या तसेच, पण पसंत आहे असे म्हणाल्या नाहीत. पोपट पक्का झाला नाही. उमेदवारी तेवढी वाढली.

संध्याकाळी त्याने स्वतःच पूर्वाच्या वडिलांना फोनवर कळवले की नाव पूर्ण दिसते आहे, पण आडनावावरून शोधणाऱ्यांना सापडणार नाही.

“बरं,” ते म्हणाले. “तसंच असू द्या.”

हे आभार होते की आणखी काही, त्याला उमगले नाही. रिसीव्हर ठेवला तोच ऑफिसचा फोन वाजला. त्याने उचलला. “पोपट बोलतोय,” तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

“कोण पोपट?” पलीकडच्याने विचारले.

शिळीमकर ओठांवर आले होते. ते सांगावे की नाही, हे ठरवत तो फोन धरून तसाच उभा राहिला.