वाकिसाकाबाईंची परतफेड

६ मे १९७१ रोजी कारखान्याने वाकिसाकाबाईंच्या घरी वीस हजार येन पाठवले. दुखवट्याचे पाकीट, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याने बांधलेले. बाईंची आई दम्याने गेली होती. मॅनेजर इगाराशी स्वतः आले, उदबत्ती लावली, वाकून नमस्कार केला आणि उठताना हलकेच म्हणाले, "वयच झालं होतं त्यांचं."

आई बासष्टची होती. घर कारखान्याच्या चिमणीच्या खालच्या अंगाला, वाऱ्याच्या वाटेवर.

आमच्याकडे दुखवटा संपला की आलेल्या पैशांच्या निम्म्या किमतीची वस्तू परत पाठवतात. चहा, टॉवेल, असे काही. बाईंनी साऱ्या गल्लीला चहा पाठवला, इगाराशींना नाही. शेजारणी कुजबुजू लागल्या. मी बाईंच्याच शाळेतला कारकून, मीही आडून आठवण केली.

"विसरले नाही मी, ओनोसान," त्या म्हणाल्या. "त्यांचं हातात देणार आहे. चारचौघांत."

बाई पाचवीला विज्ञान शिकवत. त्या वर्षी प्रत्येक मुलाने कुंडीत निळी गारवेल लावली होती. अशा कुंड्या मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी नेतात, त्यात नवे काही नाही. नवे एवढेच, की बाईंनी मुलांना रोज पानांवरचे डाग बघायला आणि वारा कुठून येतो ते ध्यानात ठेवायला सांगितले.

हेडमास्तरांनी त्यांना बोलावून घेतले. पुस्तकात पानाचे काम दिले आहे तेवढे शिकवा, चिमणी वर्गात कशाला, असे त्यांचे म्हणणे.

"पुस्तकातलं पान स्वच्छ आहे, सर. गावात तसं एक दाखवा, तेच शिकवते," बाई म्हणाल्या. "पोरं रोज तोच धूर ओढतात. परीक्षेपुरतं शिकवलं, तर मोठी होऊन तीही इगाराशीच होतील."

हेडमास्तर चष्मा पुसत बसले.

सप्टेंबरात पालकांनी वर्ग पाहायचा दिवस आला. इगाराशी पालकसंघाचे अध्यक्ष, शिवाय मुलगी कानाए त्याच वर्गात, त्यामुळे येणे भागच होते. बाईंनी वर्ग व्यायामशाळेत भरवला. जमिनीवर खडूने सारे गाव काढले होते: खाडी, रस्ते, चिमणी. मुलांनी एकेक करून आपली कुंडी आपापल्या घराच्या जागी ठेवली. खाडीकडच्या वेली हिरव्यागार. चिमणीपासून खाली मात्र करपलेल्या पानांचा पट्टा उमटत गेला. मागे उभ्या आया माना उंचावून आपापल्या घरची कुंडी शोधू लागल्या.

कानाएला बाईंनी मुद्दाम शेवटी बोलावले. कंपनीचे बंगले त्याच पट्ट्यात. तिची वेल सगळ्यांत वाईट.

"पाणी मी रोज घातलं होतं, बाई," ती रडवेली झाली.

"तुझं काही चुकलं नाही. मग वेल अशी का झाली?"

कानाएने खडूच्या चिमणीपासून आपल्या घरापर्यंत बोट ओढले. "धुरानं."

"की वयच झालं होतं तिचं?" बाईंनी विचारले. बघत होत्या मात्र मागच्या रांगेतल्या इगाराशींकडे.

"चार महिन्यांची वेल, बाई! कसलं वय!" एक पोरगा ओरडला. वर्ग हसला. आयांच्या माना इगाराशींकडे वळल्या.

बाईंनी ती कुंडी उचलली, त्यांच्यासमोर गेल्या, वाकल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "आईच्या दुखवट्याची परतफेड. उशीर झाला, क्षमा असावी."

दोन्ही हातांनी दिलेले दोन्ही हातांनीच घ्यावे लागते. इगाराशींनी घेतले. करपलेली पाने त्यांच्या कोटावर झडली.

पुढच्या आठवड्यात आयांनी उरलेल्या कुंड्या कारखान्याच्या फाटकासमोर मांडल्या. बाईंची बदली एका बेटावरच्या शाळेत झाली. सामान बांधताना त्या म्हणाल्या, कानाएचं वाईट वाटतं, तिच्या बापाचं नाही, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन.

कानाएला तर वडिलांनी त्या वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेतून काढून शहरात धाडले होते. तिच्या त्या महिन्याच्या शाळेतल्या जेवणाचे नऊशे चाळीस येन इगाराशींकडून अजून येणे आहे.