हॉटडॉगची चरबी

अमेरिकेत टुसानला लेकीकडे राहायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. कोपऱ्यावर सोनोरन हॉटडॉगची गाडी लागायची. बेकनमध्ये गुंडाळून भाजलेला सॉसेज मऊ पावात घालतात, वर शिजवलेला राजमा, टोमॅटो, कांदा आणि भरपूर मेयोनीज. गाडीवरची मेक्सिकन बाई माझ्याच वयाची होती. मी फोनवर उष्मांक पाहिले आणि तिच्यासमोरच बेकन, सॉसेज, मेयोनीज अशा एकेका जिन्नसाकडे बोट करत लेकीला म्हणाले, "अगं, नुसती चरबी आहे ही. रोज कसं खातात हे लोक?" परदेशात मराठी कुणाला कळत नाही, या भरवशावर आपण काय वाटेल ते बोलतो.

बाई माझ्या बोटाकडे बघत होती. तिने माझ्यासाठी वेगळा पाव भरला. नुसता राजमा, टोमॅटो, कांदा. "फॉर यू, सेन्योरा. हेल्दी," ती हसून म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

उपवासाला तुपातली साबुदाण्याची खिचडी मी दोनदा वाढून घेते. तिचे उष्मांक आजवर कधी पाहिले नाहीत.

मान खाली घालून तो पाव संपवला. त्याला चव नव्हती. ज्याला ज्याला मी नावं ठेवली, ते सगळं तिने काढून टाकलं होतं.